गाळलेलं कडवं

हुमेरा दुबईतल्या तिच्या शाळेच्या कार्यक्रमासाठी शंभर वर्षांपूर्वीचं एक अमेरिकन गाणं बसवत होती. जुन्या छापील प्रतीत खैरुद्दीनला सुरुवातीचं एक कडवं दिसलं. गाणारी बाई कुठल्या गावची, घर सोडून शहरात का आली, सगळं त्यात होतं.

"हे म्हण की! आमच्या जयगडात आधी गाव विचारतात, मग नाव."

"नोबडी सिंग्ज दॅट, अब्बा. जॅझमध्ये सगळे डायरेक्ट कोरसपासूनच सुरू करतात."

गाणं झकास झालं. निवेदिकेने माइक पुढे केला. "अँड व्हेअर आर यू फ्रॉम, हुमेरा?"

"दुबई."

टाळ्यांचा कडकडाट झाला. खैरुद्दीननेही वाजवल्या. मग बायकोकडे झुकून म्हणाला, "पोरीने पहिलं कडवं गाळलंन."