वसुधाच्या नावाचं पान

वसुधा गेल्यानंतरची ही पहिली अविधवा नवमी. बायकोच्या नावानं सवाष्ण म्हणून तिची मैत्रीण, मेधावहिनी, जेवायला आल्या. मी पुरणपोळी वाढली, तर त्यांनी अर्धी परत केली.

"लायपोसक्शननं कातडीखालची चरबी निघाली, भाऊजी. आतड्यांभोवतीची मशीननं निघत नाही. जपावं लागतं."

"आज तरी वसुधाच्या वाट्याची पूर्ण खा, वहिनी."

"ती कुठं पूर्ण खायची? राजगढच्या लग्नात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, हिला दोन खुर्च्या द्या. तेव्हापासून अर्धीच."

"मजाक केली होती हो."

"तीही हसली. मग माझ्याबरोबर इंदूरला डॉक्टरकडे आली. ते म्हणाले, 'आंटी, निकालने लायक चर्बी है ही नहीं.' पण तिला तुमचंच खरं वाटलं."