कालव्याअलीकडची गल्ली

"अर्ज क्रमांक सतरा!" शिपायाने पुकारा केला आणि चष्मेवाला उठून पुढे गेला. मतदारसंघांच्या नव्या हद्दींवर लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं होतं, म्हणून सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्याच रांगेत त्याची बायको बसली होती. ती पंधरा वर्षं या भागाची आमदार. अर्जाची गोष्ट तिच्या कानावर जाऊ नये म्हणून त्याने महिनाभर काय काय उठाठेवी केल्या होत्या, त्या त्यालाच ठाऊक.

"बोला," नकाशापाशी उभे असलेले अधिकारी म्हणाले.

"साहेब, हद्दीची रेघ कालव्यावरून उचलून आमच्या गल्लीमागच्या रस्त्यावर आणा. म्हणजे गल्ली पलीकडच्या मतदारसंघात जाईल."

"कारण?"

कारण सांगताना तो बायकोकडे बघेना. बाईंनी सगळा मतदारसंघ चकाचक केला होता, फक्त स्वतःची गल्ली सोडून. आधी आपलं अंगण झाडून घेतलं असं कुणी म्हणायला नको, हा तिचा हट्ट. गल्लीचा नंबर दर वेळी शेवटचा, आणि तो येईपर्यंत निधी संपलेला. गटार उघडं, फरशा उखडलेल्या. गेल्या महिन्यात त्याची आई तिथेच पडली. रुग्णवाहिका आत शिरेना, तेव्हा शेजाऱ्यांनी म्हातारीला त्याच्या चष्म्याच्या दुकानातल्या खुर्चीत बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. मनगटावर निभावलं. अर्जावर पहिली सही तिचीच, डाव्या हाताने केलेली. "सून लाखात एक आहे रे," ती म्हणाली होती, "पण तिच्या राज्यात मला पुन्हा पडायचं नाही."

हे ऐकून सभागृहात खसखस पिकली. बायको मान खाली घालून बसली होती. चष्मेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात आलेल्या माणसाला या बाईने कधी रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं, आणि आपण भर सभेत तिचीच शोभा केली. त्याला तिचा फार अभिमान होता. तसं तिला कधी बोलून दाखवलं नाही, हे नेमकं आत्ता आठवलं.

अधिकारी तिच्याकडे वळले. "बाई, मागच्या वेळी तुम्ही सत्तर मतांनी निवडून आलात. या गल्लीत मतदार एकशे बारा, आणि बहुतेक तुमचेच. गल्ली गेली तर पुढची निवडणूक तुम्हाला जड जाईल. तुमची हरकत असेलच?"

"आहे ना," ती उठत म्हणाली.

चष्मेवाल्याने डोळे मिटून घेतले. झालं! गल्लीचा रस्ता तर गेलाच, वर घरात वर्षभराचा अबोला.

ती टेबलापाशी गेली. अर्ज उचलून तिने एकेक पान उलटलं, अगदी शेवटच्या सहीपर्यंत.

"यात लिहिलंय, गल्लीतल्या सगळ्या मतदारांच्या सह्या जोडल्यात. पण इथे तर एकशे अकराच आहेत."

मग ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, पेन द्या बरं."