सालगड्याचा पेला

या, असं जवळ सरका. बुवांनी टाळ खाली ठेवलेत, आख्यानाला अजून अवकाश आहे. तोवर जळकोटची एक गोष्ट सांगतो. ऐकायला चेंडूची आहे, पण कान देऊन ऐका.

विष्णुपंतांनी पेला उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मल्लिनाथ, हे काय घातलंस?"

मल्लिनाथ कासारानं छिन्नी खाली ठेवली. चांदीचा मुलामा दिलेल्या पेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटलं होतं: 'कै. बब्रुवान ज्ञानोबा'.

"'कॅ.' सांगितलं होतं मी! कॅप्टनचा 'कॅ.'! गावचा कर्णधार तो, आणि तू त्याला कैलासवासी करतोस?"

"चुकलं, पंत. देवळातल्या घंटा, समया, समद्यांवर 'कै.' घालून हाताला वळणच पडलंय. एक मात्रा ठोकून सपाट करू का?"

"म्हणजे 'के.' होईल, शहाण्या! दोन्ही सपाट कर आणि वर चंद्र काढ. उद्या पाडवा. तहसीलदारसाहेब तुळजापूरहून येणार, भर सभेत वाचणार." पंतांनी उपरण्यानं मान पुसली. "आणि हे कुणाजवळ बोलू नकोस."

"न्हाय बोलणार," मल्लिनाथ म्हणाला आणि मान खाली घालून मात्रा ठोकू लागला.

विष्णुपंत शाळेत मास्तर आणि गावच्या फुटबॉल क्लबाचे चिटणीस. दर पाडव्याला क्लब वर्षातल्या उत्तम खेळाडूला पेला देई. शेतावरच्या सालगड्याचं साल पाडव्यालाच पुरं होतं, म्हणून गावानं त्या मानकऱ्याचं नाव 'सालगडी' ठेवलेलं. "औंदा पंतांचा सालगडी कोण?" पारावर बसून लोक विचारायचे. पंत चिडायचे, लोक आणखी विचारायचे.

यंदा विचारायचं कारणच नव्हतं. जिल्हा हैदराबाद सोडून मुंबई राज्यात गेला, त्याच हिवाळ्यात हैदराबादला क्लबाचा हंगामातला शेवटचा सामना झाला. बब्रुवानच्या अंगात ताप होता. पंतांनी कोयनेलच्या गोळ्या दिल्या, पाठीवर थाप मारली. "तासाभराचा खेळ आहे, राजा. गावाची अब्रू आहे." बब्रुवान उभा राहिला. सामना संपता संपता गोलही त्यानंच मारला. त्या एका गोलावर क्लबाचं नाव तहसीलदारांच्या कानी गेलं आणि गायरानातला तुकडा मैदानाला द्यायचं ठरलं. कागद तयार होता. पाडव्याला तो हातात पडायचा होता.

बाकीचा संघ सामन्यानंतर लगेच परतला. पंत आठवड्यानं आले, एकटेच. बब्रुवानला तिथल्या एका गिरणीच्या संघानं ठेवून घेतलं, नवे बूट दिले, असं त्यांनी सांगितलं आणि जुने बूट त्याच्या आईच्या हवाली केले.

"बूट सोडून बब्रुवान परसाकडंबी जात नव्हता," बंडप्पा गोलकीपर हसून म्हणाला होता. "शहराचं वारं लागलं म्हणायचं!"

त्याची आई मथुराबाई. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. देवळाची झाडलोट करी, नवऱ्याच्या नावानं दिलेली समई रोज राखेनं घाशी. लिहिणं-वाचणं तिच्या वाट्याला आलं नव्हतं. दर महिन्याला पंत तिच्या ओसरीवर बसून बब्रुवानचं पत्र वाचून दाखवत. ती बुटांवरची धूळ पदरानं पुसत ऐके. पत्र संपलं की म्हणे, "चांगलं वाचता, पंत." बाकी काही विचारत नसे.

पाडव्याला शाळेपुढं मांडव पडला. तहसीलदारांनी पेला उचलून मोठ्यानं वाचलं, "कॅप्टन बब्रुवान ज्ञानोबा, वर्षाचा उत्तम गडी!"

टाळ्या झाल्या. मागून कुणी ओरडलं, "सालगडी बब्रुवान की जय!" तहसीलदारही हसले. पंतांचा जीव भांड्यात पडला.

लेकाच्या वतीनं पेला घ्यायला मथुराबाई पुढं आली. डोईवरचा पदर सावरून तिनं पेला दोन्ही हातांत घेतला आणि तिथंच उभी राहिली. तिचं बोट नावावरून फिरत होतं.

"बसा आता, मथुराबाई," पंत हळूच म्हणाले. "साहेबांना मैदानाचा कागद द्यायचाय."

"बसते. आधी यात पानी द्या वाईच."

उन्हानं घसा कोरडा पडला असेल, असं वाटून बंडप्पानं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. ती प्यायली नाही. तिचं बोट पहिल्या अक्षरावर थांबलं होतं, जिथं ठोकल्यानं पत्रा दबला होता.

"पंत, मला वाचाया येत न्हाय," ती म्हणाली. "पन एक अक्षर बोटाला वळखू येतं. धन्याच्या समईवर हाय ते. हितं ते ठोकून काढलंय कुणी."

"कासाराच्या हातून चूक झाली होती," पंत घाईनं म्हणाले. "मीच दुरुस्त करून घेतली."

"सालगड्यालाबी पाडव्याला घरी सोडत्यात, पंत. माझ्याला कवा सोडनार? बूट आले, पाय न्हाय आले. त्याच दिशी वळखलं म्या. वाट बघितली, आज सांगताल, उद्या सांगताल. तुमी पत्रंच वाचीत राहिलाव." तिनं पेला तिरपा केला. पाण्याची धार मातीत मुरत गेली. "चार महिनं झाले, लेकरू बिनपिंडाचं हाय. मल्लिनाथानं चूक केली न्हाय, 'कै.' घाल म्हनून म्याच त्याला सांगितलं व्हतं. उठा बाप्पांनो, माझ्या बब्रुवानच्या नावानं ओंजळभर पानी सोडा, त्याची आठवन ठेवा."