गोरखचिंचेचं पथ्य

पारू समोरून आली, बापाला पाहिलं आणि तोंड फिरवून देवळाकडं निघून गेली.

वैजीनाथला इतका आनंद झाला की त्याच्या हातातली पुडी सुटली. पोरगी बरी झाली!

पोखर्णीला नरसिंहाच्या देवळापुढं घोंगडं अंथरून तो बसला होता. घोंगड्यावर गोरखचिंचेची फळं, लहान दुधीएवढी, अंगावर मखमलीसारखी लव. फोडलं की आत पांढरा आंबट गर. वाळवून कुटला की ताप आणि आव, दोन्हीवर चालतो. झाड इथलं नव्हे, हबशांच्या मुलखातलं, आफ्रिकेतलं. निजामाच्या घोडदळातून सुटून आलेल्या एका म्हाताऱ्या सिद्दी शिपायानं वैजीनाथच्या गावी, पेडगावच्या माळावर ते ओळखलं. खोडाला मिठी मारून रडला. मरण्याआधी झाडाचा गुण तेवढा वैजीनाथला सांगून गेला.

पण नुसता गुण सांगून औषध खपत नाही. पहिल्या वर्षी भुकटीला किडे लागले. "ना मंतर, ना तंतर," लोक म्हणाले, "नुस्ती चिंचच की ही!"

दुसऱ्या वर्षी त्यानं आपल्या मनानंच एक पथ्य जोडलं.

पुडी हातात आली की बोलायचं नाही.

बरं वाटलं तरी सांगायला यायचं नाही.

औषध देणाऱ्याशी पुन्हा बोललं, की दुखणं उलटतं.

आणि धंदा चालला. असा चालला, की आठ वर्षांत पेडगावात त्याच्याशी बोलणारं माणूस उरलं नाही. तो पारावर बसला की पार रिकामा होई. वाटेत दिसला की बाया पदर पुढं ओढून बाजूनं जात. मुंजाजी लहानपणापासूनचा जोडीदार, बांधाला बांध. एका पावसाळ्यात पोट धरून आला, पुडी घेऊन गेला. त्यानंतर एक शब्द नाही. वैजीनाथ स्वतःला सांगे, मुंजाजी बरा आहे. त्याची बायकोही बरी आहे. आपली बायको वारली, पारू सासरी गेली, तेव्हापासून भाकरी थापताना तो हे मोठ्यानं म्हणू लागला होता. घरात आवाज असावा म्हणून.

महिन्यापूर्वी जावई आला, राधाकिशन. बारा कोस चालून.

"पारूला लय ताप हाय, आबा. तुमाला बोलवायलीय."

वैजीनाथला कुणी बोलवायचं ते औषधासाठीच. त्यात फळं उतरायचे दिवस. झाडावर माणसं चढलेली, खाली वानरं टपलेली. त्यानं दोनाच्या जागी चार पुड्या बांधल्या, जावयाच्या हातात दिल्या.

"जा. वाटंत कुनाशी बोलू नको."

राधाकिशनला अजून काही सांगायचं होतं. पण पुड्या हातात आल्या होत्या. तो बोलला नाही.

आणि आज पारू. आपल्या पायांनी चालत. गप्प.

"काय इवाई, एकटंच हसायलात?"

समोर पारूची सासू उभी होती, धुरपताबाई. नवस फेडून आलेली, कपाळभर कुंकू.

"बोलू नका, बोलू नका!" वैजीनाथनं दोन्ही हात हलवले. "औषध उलटंल!"

"अगं बया! मी कवा घेतलं तुमचं औषध?"

"तुमी न्हाई. पारूनं."

"तिनं तरी कुठं घेतलं? चारी पुड्या कोनाड्यात हायत तशा हायत. परभणीच्या दवाखान्यात नेली, तवा उतरला ताप."

वैजीनाथचे हात तसेच राहिले.

"मंग आत्ता बोलली का न्हाई ती माझ्याशी?"

धुरपताबाईचा आवाज खाली आला.

"धा दिस दाराकडं तोंड करून पडली होती पोर. कवाड वाजलं की म्हणायची, आबा आले."

ती गेली. देवळामागं त्यांच्या गाडीला बैल जुंपले जात होते. वैजीनाथ उठला. घोंगडं, फळं, गिऱ्हाईक, सगळं तसंच टाकून धावत गाडीपाशी गेला. चाकाला धरून उभा राहिला. दम लागला होता.

"पारू. ए पारू."

गाडीत बसलेल्या पारूनं त्याच्याकडं पाहिलं. मग गाडीत चढणाऱ्या सासूकडं वळली.

"आत्याबाई, त्यांला सांगा. आता घरात कुनी आजारी न्हाई."