सेशेल्सची बोट

“पण केबिनला खिडकी आहे ना?” चंद्रप्रकाशकाकांनी विचारलं.

“दोन आहेत, काका. पडल्या पडल्या समुद्र दिसेल.” श्रुतिकानं हेडफोन कानावर नीट दाबला. “सकाळी डोळे उघडले की समोर बेट.”

“कुठलं?”

“रोज वेगळं. तीच तर गंमत आहे ना.”

काका मुलुंडला एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा न्यूझीलंडला होता. सेशेल्सच्या दूरदूरच्या बेटांवर यॉटनं फिरायची सहल श्रुतिकानं आजवर कितीतरी जणांना फोनवर सुचवली होती. बहुतेक जण तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवत. काकांनी ठेवला नव्हता. ते म्हणाले होते, “एकट्या माणसाला अख्खी बोट देता का हो तुम्ही?”

तेव्हापासून ती त्यांना रोज सकाळी फोन करत होती. काकांचा चहा व्हायचा आणि तिचा फोन जायचा. पहिल्याच रिंगला ते उचलत.

त्यांचे प्रश्न संपत नसत. कॅप्टन कुठला? वर्सोव्याचा, अनंता नाव, श्रुतिका सांगायची. जेवायला काय मिळणार? रात्री नांगर कुठे टाकणार? त्या बेटांवर माणसं राहतात की नुसतीच पाखरं? ती व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायची, पांढरीशुभ्र बोट आणि निळं पाणी. काकांकडून जोडलेल्या हातांचं चित्र यायचं.

जे ठाऊक नसे ते ती स्वतःच्या पोतडीतून काढायची. एका रविवारी ती एकटीच मार्व्याहून फेरीबोटीनं मनोरीला जाऊन आली होती. तिथले माड, ओल्या दोराचा वास, उतरताना पायाला लागलेली गार वाळू, सगळं तिनं उचलून सेशेल्सला नेऊन ठेवलं. कुडाळला आजोळच्या घरामागे झरा होता, तोही दिला.

काका मध्ये बोलत नसत. सगळं ऐकून झालं की म्हणत, “छान सांगतेस गं. काही खाल्लंस का सकाळपासून?”

हे तिला मुंबईत दुसरं कोणी विचारत नव्हतं. गोरेगावच्या खोलीत त्या चार मुली राहत, पण चौघींच्या शिफ्ट वेगळ्या. घरी जावं तर गादी उबदार असायची, माणूस दिसायचं नाही.

बोटीचा पहिला हप्ता काकांनी लगेच भरला. दुसराही भरला.

बुधवारी मिथुन तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. अंधेरीतलं हे ऑफिस तोच चालवायचा.

“मुलुंडच्या म्हाताऱ्याचं काय?”

“उरलेले पैसे एफडी मोडून भरतो म्हणालेत.”

“झकास. उद्या घेऊन टाक. परवा हे सगळे नंबर बंद. नवीन जागा, नवीन नाव. सिम तोडून टाकायचं, काय?”

“आणि त्यांनी बोटीचं विचारलं तर?”

मिथुन हसला. “कुठल्या बोटीचं?”

ते फोटो कुठून उचललेत हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. पगार वेळेवर होत होता, म्हणून तिनं त्यावर विचार करायचं टाळलं होतं, एवढंच. त्या दिवशी डबा तिनं तसाच परत नेला.

गुरुवारी ती ऑफिसात शिरलीच नाही. मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर, कडेला उभं राहून तिनं स्वतःच्या मोबाइलवरून काकांचा नंबर लावला. एकच रिंग गेली.

“हॅलो, कोण?”

“काका, मी. श्रुतिका.”

“नंबर बदललास की काय?”

“हा माझा स्वतःचा आहे. काका, बँकेत जाऊ नका.”

“का गं?”

“बोट नाहीये. कॅप्टन नाही, अनंता नाही, काहीच नाहीये. तुम्ही दिलेत ते पैसे गेले, काका. तुम्ही पोलिसांत जा. हा नंबरही द्या त्यांना, माझी ना नाही.”

पलीकडे कपात चमचा फिरत होता. तो थांबला.

“मला माहीत आहे,” काका म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“बोट नाही ते. पहिल्या दिवसापासून. अगं, मी जहाजावर चीफ इंजिनियर होतो. अख्खी नोकरी त्याच पाण्यात गेली माझी. ती लांबची बेटं म्हणजे नुसती सपाट वाळू. प्यायचं पाणी बाहेरून न्यावं लागतं, झरा कुठला यायला?”

श्रुतिका जिन्यावरच बसली. माणसं तिला वळसा घालून वर चढत राहिली.

“मग पैसे का भरलेत? रोज फोन का घेत होतात?”

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

“आमच्या मजल्यावर बाकीची तिन्ही घरं बंद असतात,” ते म्हणाले. “एखाद्या सकाळी मी फोन उचलला नाही, तर कुणाला तरी कळायला हवं ना.”