उशी तेवढी राहिली

चॅम्पियनला पडता येत नव्हतं.

शिंप्याची भूमिका करणारा किडकिडीत नट सकाळपासून गळ्यातल्या टेपसकट त्याच्या हनुवटीवर ठोसा मारत होता. चॅम्पियन दर वेळी आधी जमिनीकडे बघायचा, मग बसायचा आणि मग आडवा व्हायचा. जेवून उठलेला पाहुणा सतरंजीवर लवंडावा तसा.

"अहो चॅम्पियन, तुम्हाला ठोसा बसलाय, झोप आलेली नाही," दिग्दर्शक म्हणाला.

सगळे हसले. चॅम्पियनही हसला. बॉक्सिंग सुटल्यापासून तो पडद्यावर हेच करत आला होता. बसकं नाक, चुरगळलेले कान आणि कपाटाएवढा देह एवढं भांडवल विनोदी कामांना पुरत होतं. एका सिनेमात त्याला सासूनं झाडूनं बडवलं होतं, दुसऱ्यात बकरीनं तळ्यात ढकललं होतं. त्या बकरीला पुढे आणखी कामं मिळाली. रस्त्यात पोरं त्याला बघून बें-बें करायची. तो हात हलवायचा.

हे सगळं तो गिळायचा, कारण घरी दारावर तो फोटो होता.

फोटोत दोन माणसं होती. एक तो स्वतः, दोन्ही हात वर केलेला. दुसरा त्याचा प्रतिस्पर्धी, दोराजवळ आडवा. विजेतेपदाचा सामना. तो सामना मेहुण्यानं जमवला होता. म्हणजे तेव्हा तो मेहुणा नव्हता. आपल्या बहिणीचं लग्न त्यानं नंतर जमवलं.

"असा झोपवला त्याला," चॅम्पियन प्रत्येक सेटवर सांगायचा, "की उशी तेवढी द्यायची राहिली."

यावर लोक हसले की त्याला बरं वाटायचं. बाकीचं हसू निर्मात्याचं होतं, हे त्याचं.

आजचा प्रसंग व्यायामशाळेतला होता. खोली खरी वाटावी म्हणून दिग्दर्शकानं तो फोटो मागवला होता. सकाळी बायको स्टुलावर चढून फोटो काढताना म्हणाली, "अहो, दुसरा न्या ना एखादा. तो हार घातलेला न्या."

"हार काय, मेलेल्यालाही घालतात."

"काच फुटेल."

"अगं, पडणार मी आहे. फोटो नाही."

तिनं फोटो जुन्या चादरीत गुंडाळला. "वर लावायला सांगा हं. चांगला उंच. लहान मुलांचे हात लागतात."

सेटवर लहान मुलं नव्हती. घरातही नव्हती.

पण दिग्दर्शकाला फोटो उंच नको होता. "तुम्ही पडलात की तुम्ही आणि तो एका चौकटीत दिसायला हवेत," म्हणून त्यानं तो खाली, बाकाच्या पायाला टेकवून ठेवायला लावला. आणि अजूनही चॅम्पियन नीट पडेना, तेव्हा तो घड्याळ बघत म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीआधी जमलं नाही, तर मी त्या जाड्या पैलवानाला बोलावतो. अभिनयाच्या नावानं बोंब आहे, पण पडतो. फोटो मात्र राहू दे हं तुमचा."

आपल्या फोटोशेजारी दुसराच कुणी पडणार, हे चॅम्पियनच्या घशाखाली उतरेना. त्यानं पडमास्तरला बोलवायला सांगितलं.

पडमास्तर लंगडत आला. नायकांच्या वतीनं जिन्यांवरून, घोड्यांवरून, गच्च्यांवरून पडण्यात त्याचा जन्म गेला होता. त्यानं वाकून, चष्मा लावून फोटो पाहिला.

"हा कोण?"

"माझ्यासमोरचा. असा झोपवला, की उशी तेवढी..."

"छान पडलाय," मास्तर म्हणाला.

चॅम्पियनची छाती फुगली. जाणकाराची दाद त्याला बऱ्याच दिवसांनी मिळत होती.

"आता एकदा पडून दाखवा," मास्तर म्हणाला. चॅम्पियन पडला. मास्तरनं मान हलवली. "तुमचं एकच चुकतंय. हात."

"हातावर तर आयुष्य काढलं, मास्तर."

"खाली जाताना तो गालाखाली येतोय. तुम्हाला पत्ताही नाही. पडायचं ठरवून पडणारा आधी थोबाड वाचवतो. शिकाऊ होतो तेव्हा मीही हेच करायचो, आणि शिव्या खायचो. खरोखर शुद्ध गेलेल्याला थोबाडाची काय पडलीय? तो पोत्यासारखा जातो. बघायला घाण दिसतं."

"मला सवय नाही ना त्याची," चॅम्पियन जरा ताठ होऊन म्हणाला. "मला कधी कुणी पाडलंच नाही."

मास्तरची नजर फोटोकडे गेली आणि परत आली. "हो," तो म्हणाला. "ते दिसतंच आहे. तुम्ही हात विसरा."

शिंप्यानं ठोसा मारला. चॅम्पियन हात विसरला. तो पोत्यासारखा गेला; दात वाजले, लादीची धूळ तोंडात आली. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

"हलू नका!" दिग्दर्शक ओरडला. "कॅमेरा जवळ घेतोय. डोळे उघडेच राहू द्या, धमाल दिसतंय!"

चॅम्पियन हलला नाही. गाल लादीवर होता आणि फोटो समोर, हातभर अंतरावर. इतकी वर्षं तो या फोटोकडे मान वर करून बघत आला होता आणि दर वेळी फक्त स्वतःकडे. आज पहिल्यांदाच तो दुसरा त्याच्या नजरेच्या पातळीवर होता, तोंडासमोर तोंड.

"कट! उठा चॅम्पियन, जिंकलात!"

तो उठेना. कुणीतरी गमतीनं आकडे मोजायला लागलं. मग सगळ्यांनीच सूर धरला आणि दर आकड्याला हशा वाढत गेला.

उशी राहिली नव्हती. फोटोतल्या त्या माणसानं पडता पडता डाव्या हाताचा ग्लोव्ह नीट गालाखाली घेतला होता.