फँजिओ की सेन्ना

“फँजिओ,” नरहरराव म्हणाले आणि खाटेवर मांडी ठोकून बसले. “मोटारशर्यतीत पाच वेळा जगज्जेता. आजवरचा सगळ्यांत वेगवान ड्रायव्हर. विषय संपला.”

“सव्वीस वर्षं तुमचा विषय संपतोय,” पलीकडच्या खाटेवरून रोहन म्हणाला. त्याने टोपी भुवयांपर्यंत ओढली होती. “सेन्ना, बाबा. मोनॅको, अठ्ठ्याऐंशी साल. जोडीदाराला तीच गाडी, तोच रस्ता, आणि सेन्ना एका फेरीत जवळजवळ दीड सेकंद पुढे. दीड सेकंद!”

“दीड सेकंदात माझा गिअरसुद्धा पडत नसे. म्हणून एकतीस वर्षांत एकही पॅसेंजर खरचटला नाही.”

नरहरराव अकोला आगारातले एसटी ड्रायव्हर. मुलगा शर्यतीच्या गाड्यांचा मेकॅनिक. रोहनने दहाव्या वर्षी सेन्नाचं पोस्टर भिंतीवर लावलं, तेव्हा बाप चिडला. गाडी आपटून गेलेल्या माणसाला घरात कशाला आणायचं? मग वाचनालयात बसून त्याने स्वतःसाठी फँजिओ शोधून काढला. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांना एक इंचही जागा दिली नव्हती.

आता भांडण संकठा घाटावरच्या गल्लीत आलं होतं, मुक्तिगृहाच्या सात नंबरच्या खोलीत. काशीत देह ठेवायला येणाऱ्याला इथे खोली मिळते, सोबतीला घरचं एक माणूस, आणि मुदत पंधरा दिवसांची. तेवढ्यात सुटका झाली तर बरं, नाहीतर खोली दुसऱ्याला. मरणालाही इथे नंबर लावावा लागतो. आज बारावा दिवस होता.

कालिंदीबाई ताटं घेऊन आल्या. त्या इथल्या स्वयंपाकीण, जन्म काशीतल्याच मराठी घरातला. आजवर इतके बापलेक त्यांनी इथे पाहिले होते, की कोण कशासाठी आलंय हे विचारायची त्यांना गरजच वाटत नसे.

“आजोबा, तुमच्यासाठी मऊ भात केलाय. दूध घालून घ्या, आराम पडेल.” मग त्या रोहनकडे वळल्या. “आणि भैया, तू त्यांच्याशी बहस कशाला करतोस? आता तरी त्यांना शांत राहू दे की.”

“तुम्हीच ठेवून दाखवा त्यांना शांत,” रोहन म्हणाला.

नरहररावांनी दोन्ही ताटं घेतली आणि दार लावलं. बापलेक जेवायचे ते दार लावूनच. पाऊण तासाने ताटं रिकामी होऊन बाहेर यायची.

“लेक असावा तर असा,” कालिंदीबाई स्वयंपाकघरात सांगत. “बारा दिवसांत एकदाही गंगा बघायला खाली उतरला नाही. बापाजवळून हलतच नाही.”

तेराव्या दिवशी दोघांचा आवाज जिन्यापर्यंत पोचला.

“फँजिओ म्हातारा होऊन गेला,” नरहरराव ओरडत होते. “चौऱ्याऐंशीव्या वर्षी! तुझा सेन्ना चौतीसचा. चौतीस म्हणजे काय जायचं वय आहे? जो घरी परत येतो ना, तो खरा वेगवान!”

“मी वेगाचं विचारतोय, तुम्ही वयाचं सांगताय.”

व्यवस्थापक दिनानाथ दारात येऊन उभे राहिले. “नरहरजी, आवाज थोडा कमी करा. बाजूच्या खोलीत आखिरी वक्त आहे.”

“मग ऐकू द्या की त्यांनाही. जाता जाता मत देऊन जातील.”

दिनानाथ हसले नाहीत. “परसों तुमचे पंधरा दिवस होतात. अर्जी लिहून दिलीत तर दोन-चार दिवस बढवून देतो.”

“अर्ज कसला करायचा?” नरहरराव ताडकन उठले. “पंधराव्या दिवशी खोली सोडतो. दोघं आलो, दोघं जाणार. तुमच्या काशीला सांगून ठेवा, मोक्षबिक्ष आम्हाला नको.”

दिनानाथ पाठ फिरवून जिना उतरले. असं बोलणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, आणि त्यांतला एकेक त्यांच्या लक्षात होता.

चौदाव्या दिवशी दुपारी खिडकीतून घाटावरची घंटा ऐकू येत होती. रोहनचा आवाज आज खाली आला होता.

“एकदा म्हणा ना, बाबा. सेन्ना म्हणा. मला ऐकायचंय.”

“नाही म्हणणार.”

“दिवस किती राहिलेत? आता तरी हट्ट सोडा.”

“मुळीच नाही. मी मान्य केलं तर उद्या भांडायचं कशावरून?”

“उद्या दुसरं काहीतरी काढू.”

“दुसरं नको. हेच हवं. उद्या तू मला पावसातल्या शर्यतीचं सांगायचंस, आणि मी ते खोडून काढणार. परवाही. तेरवाही.” नरहरराव खाकरले. “मी काही हरायला बसलो नाही इथे.”

रोहन हसला.

पंधराव्या दिवशी सकाळी कालिंदीबाई चहा घेऊन वर आल्या. सात नंबरच्या दारात दिनानाथ हात जोडून उभे होते. त्या काय ते समजल्या. पोर आता एकटं पडलं, असं त्यांच्या मनात आलं आणि पदर डोळ्यांना लावून त्या आत डोकावल्या.

नरहरराव खाटेच्या कडेला बसले होते. मुलाच्या ओठांवर तुळशीचं पान ठेवून ते त्याच्या उजव्या कानाशी वाकले होते.

“सेन्ना,” ते म्हणत होते. “ऐकलंस का रे? सेन्नाच.”